परदेशातून यॉट बांधून घेताय? आधी हा एक प्रश्न विचारा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'ऑर्डर देऊन बनवून घ्यायची वस्तू' हा विषय घेतला. तिथे आकडेमोड जरा पळत पळत झाली, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण यॉटचं घेतलंय. कोकणात, गोव्यात, मुंबईत पर्यटकांना समुद्रात फिरवण्याचा धंदा अनेकांच्या डोक्यात आहे. परदेशी यार्डांचे चकचकीत फोटो मोबाईलवर दिसतात आणि वाटतं, आपल्याला हवी तशीच बोट बांधून घेऊ. परदेशातून बोट आणणं चूक नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोटसुद्धा ग्रीसमध्येच बांधलेली आहे. पण तयार बोट विकत घेणं वेगळं आणि अजून जन्मालाच न आलेल्या बोटीसाठी पैसे देणं वेगळं.

हिशेब मांडूया

समजा, तुम्ही आणि दोन भागीदारांनी मिळून तुर्कस्तानातल्या एका यार्डाला यॉटची ऑर्डर दिली. किंमत २ लाख युरो. हा आकडा फक्त समजण्यासाठी धरलाय. १ युरो म्हणजे १०० रुपये धरू, म्हणजे २ कोटी रुपये. हप्ते असे ठरले:

- सही करताना ३० टक्के
- हल, म्हणजे बोटीची बॉडी, तयार झाल्यावर ३० टक्के
- इंजिन बसल्यावर २० टक्के
- ताबा घेताना २० टक्के

आता प्रत्येक हप्त्यापुढे एकच प्रश्न लिहा: आज हा बिल्डर बुडाला, तर माझ्या हातात काय राहतं?

सही केली त्या दिवशी ६० लाख गेले. हातात काय? एक ड्रॉइंग आणि एक करार. हल तयार झाली, १ कोटी २० लाख गेले. हातात? दुसऱ्याच्या शेडमध्ये उभी असलेली बॉडी. इंजिन बसलं, १ कोटी ६० लाख गेले. हातात अजूनही काही नाही, कारण करारात लिहिलं नसेल तर बोट बहुधा बिल्डरचीच असते. त्याने कर्ज काढलं असेल, तर बँक आधी त्याच शेडला कुलूप लावणार.

"पण कंपनी मोठी आहे हो!" असं कुणी म्हणेल. ब्रिटनची ऑयस्टर ही नावाजलेली यॉट कंपनी. मूळ गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे नवा मालक आला आणि कंपनी उभी राहिली. इटलीची पेरिनी नावी तर मोठमोठ्या श्रीमंतांच्या यॉट बांधणारी. तीसुद्धा २०२१ मध्ये दिवाळखोर ठरली. तेव्हा नाव मोठं म्हणजे आपले पैसे सुरक्षित, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

पैसे बांधून ठेवायच्या तीन गाठी

पहिली गाठ: रिफंड गॅरंटी. बिल्डर बोट देऊ शकला नाही तर तुमचे हप्ते परत करण्याची हमी. ही हमी बँकेची हवी. बिल्डरच्या लेटरहेडवरची नको, कारण बुडालेल्या माणसाची हमीही त्याच्याबरोबरच बुडते. आणि ती 'मागताक्षणी देय' हवी. आधी कोर्टात जा, मग पैसे मिळतील, अशी नको.

आपल्याकडे यात बँकेचीही मदत होते. परदेशी मालासाठी २ लाख डॉलरपेक्षा जास्त आगाऊ रक्कम पाठवायची असेल, तर परदेशी बँकेची हमी घ्यावी, असा सर्वसाधारण नियम रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आयातीवरील मास्टर डायरेक्शनमध्ये आहे. काही अटींवर बँक त्यातून सूटही देऊ शकते. नियम बदलत असतात, म्हणून पैसे पाठवण्याआधी बँकेच्या फॉरेक्स विभागात बसून ताजा नियम समजून घ्या. आपली रक्कम मर्यादेच्या आत असली तरी हमी मागायला कुणी अडवलेलं नाही.

दुसरी गाठ: मालकी. करारात लिहून घ्या की दिलेल्या हप्त्याच्या प्रमाणात हल, इंजिन आणि आपल्या बोटीसाठी आणलेलं सामान आपल्या मालकीचं होईल. त्या प्रत्येक वस्तूवर आपल्या ऑर्डरचा नंबर टाकायला लावा. मात्र असं कलम तिथल्या कायद्यात टिकतं का, हे तिथलाच वकील सांगू शकतो. त्याची फी खर्चात धरा.

तिसरी गाठ: हप्ता तारखेवर नको, कामावर हवा. '१५ जानेवारीला ३० टक्के' असं लिहिलं, तर काम झालेलं नसतानाही पैसे द्यावे लागतील. 'हल साच्यातून बाहेर आली आणि आपल्या सर्व्हेअरने तपासून सही केली, की ३० टक्के' असं लिहा. पहिला हप्ता जितका लहान आणि शेवटचा जितका मोठा, तितके तुम्ही सुरक्षित. ताब्याच्या वेळी ५ टक्केच उरले असतील तर बिल्डर तुमचा फोन कशाला उचलेल?

झाकलेलं काम आणि पहिलं पाणी

फायबरच्या बोटीत खरं काम आत असतं. एकदा फरशी बसली, पॉलिश झालं, की आतली मजबुती दिसत नाही. जुलै २०१५ मध्ये स्पेनजवळ 'पोलिना स्टार ३' ही ऑयस्टरचीच यॉट कील निखळून बुडाली. कील म्हणजे बोटीच्या तळाचा वजनदार कणा. सुदैवाने सगळे वाचले. पुढे कंपनीनेच सांगितलं की आतला भाग बांधण्याच्या पद्धतीत कमजोरी असू शकते. म्हणजे दोष वरून दिसणारा नव्हता.

म्हणून स्वतंत्र सर्व्हेअर तुम्हीच नेमा आणि त्याचे पैसेही तुम्हीच द्या. बिल्डरने 'आमचाच माणूस पाठवतो' म्हटलं तर हसून नाही म्हणा. काम झाकलं जाण्याआधी तपासणी, हे करारात हवं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो म्हणजे तपासणी नव्हे.

दुसरा धोक्याचा क्षण म्हणजे बोट पाण्यात उतरवण्याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या झोंगुलडाक प्रांतात 'डोल्चे व्हेंटो' ही कोरी करकरीत यॉट पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच बुडाली. मालकालाही समुद्रात उडी मारून किनारा गाठावा लागला. अशा क्षणी विमा कुणाचा? ताबा झाला की नाही? ही उत्तरं करारात आधीच हवीत. सी ट्रायल, म्हणजे समुद्रातली चाचणी, पास होईपर्यंत जबाबदारी आणि विमा बिल्डरचाच, असं स्पष्ट लिहा. विम्याच्या पॉलिसीवर तुमचंही नाव घाला.

बोट आली, पण चालवता येईल का?

इथे भलेभले फसतात. बिल्डर म्हणतो, "आमच्या बोटीला सीई मार्क आहे." चांगली गोष्ट आहे. पण युरोपचा तो नियम मौजमजेच्या बोटींसाठी आहे. पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी खास बनवलेल्या बोटी त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे तुम्हाला जो धंदा करायचाय, त्याची परवानगी त्या शिक्क्यातून मिळत नाही. ती आपल्याकडच्या नियमांनुसारच घ्यावी लागते. महाराष्ट्रात मेरीटाईम बोर्ड आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, यांच्याकडे ड्रॉइंग घेऊन आधी जा. किती प्रवासी, कोणत्या पाण्यात, कोणती सुरक्षा साधनं, हे लेखी विचारा आणि मगच करारावर सही करा. बांधून झालेल्या बोटीत बदल करणं म्हणजे स्लॅब पडल्यावर जिन्याची जागा बदलणं.

करसुद्धा आधीच तपासा. सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या यॉटवर जीएसटी ४० टक्के आहे. प्रवासी सहलीच्या बोटींचं वर्गीकरण वेगळं, त्यावर दर ५ टक्के. २ कोटींवर एकीकडे ८० लाख, दुसरीकडे १० लाख. त्यात कस्टम ड्युटी मी धरलेलीच नाही. आपली बोट नेमकी कोणत्या गटात बसते, हे सीए आणि कस्टम्स ब्रोकर यांच्याकडून ऑर्डरआधी लिहून घ्या. "बघू नंतर" म्हटलं तर हा फरक अख्खा धंदा खाऊन टाकेल.

उशीर आणि रुपया

बोट ऑक्टोबरमध्ये हवी होती, आली मे अखेरीस. कागदावर उशीर सात-आठ महिन्यांचा. पण आपल्याकडे पावसाळ्यात समुद्री पर्यटन बंद असतं. म्हणजे पूर्ण सीझन गेला आणि पुढच्या सीझनपर्यंत बँकेचे हप्ते खिशातून. म्हणून उशिराच्या प्रत्येक आठवड्याचा दंड ठरवा आणि एक शेवटची तारीख टाका. ती ओलांडली तर करार रद्द आणि सगळे पैसे परत. तुम्ही मध्येच 'केबिन थोडी मोठी करा' म्हणालात तर बिल्डरला उशिराचं कारण मिळतं. प्रत्येक बदल लेखी, त्याची किंमत आणि त्याने वाढणारे दिवस यांच्यासह.

आणि युरो १०० वरून ११० झाला तर? उरलेल्या १ लाख ४० हजार युरोंवर १४ लाख रुपये जास्त. बँकेत फॉरवर्ड बुकिंग करून दर आधी बांधता येतो, त्याची चौकशी करा.

भांडण झालंच तर कुठे? करारात लवादाचं कलम ठेवा. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा भारत, तुर्कस्तान यांसह बहुतेक देशांत लागू करून घेता येतो. पण बिल्डरकडे पैसेच नसतील तर जिंकलेला निवाडा नुसता कागद. म्हणूनच बँकेची हमी पहिली, लवाद नंतर.

या आठवड्याचं काम

तुमच्यापैकी बहुतेकजण यॉट घेणार नाहीत, मला माहीत आहे. पण कुणी चीनमधून पॅकिंग मशीन बनवून घेईल, कुणी राजकोटहून तेलघाणा, कुणी गावातल्याच फॅब्रिकेटरकडून फूड ट्रक. हिशेब तोच. एका कागदावर चार रकाने आखा: हप्ता, एकूण गेलेले पैसे, त्या दिवशी कायद्याने माझं काय, आणि बिल्डर बुडाला तर परत काय मिळणार. ज्या ओळीत शेवटचे दोन रकाने रिकामे राहतील, त्या ओळीचा हप्ता देऊ नका. आधी कराराची ती ओळ बदलून घ्या. बिल्डर बदलायला तयार नसेल, तर तयार किंवा वापरलेली बोट बघा. ती मनासारखी नसेल, पण पैसे देण्याआधी तिच्यावर उभं राहून बघता येतं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कागद भरा आणि भागीदारांनाही दाखवा.