कणाची जागा कोण ठरवते?

एक प्रयोग मनातल्या मनात करा. तीन पायांच्या शर्यतीसाठी ‘अ’ तुकडीतला एक आणि ‘ब’ तुकडीतला एक अशा जोड्या बांधल्या आहेत. दोन्ही तुकड्यांचे हाडवैर! सर्वांना मैदानात सोडले तर काय होईल? प्रत्येक जण आपल्या तुकडीकडे सरकेल; पण पाय बांधलेला, जाणार किती लांब? शेवटी ‘अ’ आणि ‘ब’ यांचे आलटून पालटून पट्टे पडतील.

एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन बहुवारिकांच्या साखळ्या टोकाला टोक जोडल्या, तर त्याही असेच करतात. त्यांचे द्रावण सिलिकॉनच्या चकतीवर टाकून चकती गरगर फिरवली, की पातळ पापुद्रा उरतो. तो पुरेसा तापवला (यातले पॉलिस्टायरीन सुमारे १००° सेल्सिअसला मऊ होते), की साखळ्या हलू लागतात आणि काही दशक नॅनोमीटर जाडीचे थर आपोआप रचले जातात.

आता द्रावणातच सोन्याचे सूक्ष्म कण मिसळू. इतका लहान कण चिमट्याने उचलून जागेवर ठेवता येत नाही. मग तो कोठे बसेल? हे प्रथम त्याच्या अंगरख्यावर ठरते. कणावर पॉलिस्टायरीनच्या आखूड साखळ्या चिकटवल्या तर तो पॉलिस्टायरीनच्या थरात जातो. दुसऱ्या बहुवारिकाच्या चिकटवल्या तर दुसऱ्या थरात. दोन्ही मिसळून चिकटवल्या, तर स्वारी बरोबर सीमेवर!

अंगरखा एकाच थराला मानवणारा, पण कण लहानमोठे असतील तर? खरी गंमत येथे आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील ॲना बालाझ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली गणिताने भाकीत केले, की मोठे कण थराच्या मध्यभागी जमतील, लहान सीमेकडे जातील. २००३ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी.च्या संशोधकांनी ३.५ नॅनोमीटरचे सोन्याचे आणि २१.५ नॅनोमीटरचे सिलिकाचे कण एकत्र मिसळले. सोने सीमेवर आणि सिलिका मध्यभागी सापडली.

असे का? साखळ्यांची मोकळी टोके बहुतेक थराच्या मध्याजवळ असतात. तेथे त्या सहज बाजूला होतात. मोठा कण सीमेजवळ घुसला तर बांधलेल्या साखळ्यांना ताणून वळसा घालावा लागतो, आणि ताण त्यांना नको असतो. लहान कणामुळे असा ताण फारसा पडत नाही. शिवाय तो सीमेवर बसला की दोन वैऱ्यांचा स्पर्शही तेवढा कमी होतो.

मात्र कण फार झाले, की ते गोळा होतात, पट्टे विस्कटतात, आणि पापुद्रा पातळ असल्यामुळे काही कण थेट तळाशी किंवा वरच्या पृष्ठभागावर ढकलले जातात.