दिव्यामागची उष्णता

दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. आजच्या विजेरीच्या बाबतीत तिला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागते, ती ही की दिव्यामागे उष्णता असते. पुढे पडणारा प्रकाश सर्वांना दिसतो. मागे साठणारी उष्णता मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

जुन्या विजेरीत काचेचा लहानसा दिवा असे. त्यातील टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापे, तेव्हा कोठे ती प्रकाश देई. मिळालेल्या विजेचा फार थोडा अंश प्रकाशरूप होई. उरलेली बरीचशी ऊर्जा अदृश्य उष्ण किरणांच्या रूपाने प्रकाशाबरोबरच बाहेर पडे. शिवाय अशा दिव्याला वीज फार थोडी लागे. त्यामुळे विजेरीची नळी पत्र्याची असो वा प्लॅस्टिकची, तिला बाधा होत नसे.

१९६२ साली निक होलोन्याक या अमेरिकन शास्त्रज्ञाने तांबडा प्रकाश देणारा उपयुक्त एल. ई. डी. तयार केला. पुढे इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा यांनी निळा प्रकाश देणारा कार्यक्षम एल. ई. डी. सिद्ध केला आणि शुभ्र प्रकाशाची वाट मोकळी झाली. या कार्याबद्दल २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एल. ई. डी. मध्ये तार नसते. असतो तो अर्धवाहकाचा इवलासा तुकडा. विजेचा साधारणपणे तिसरा ते निम्मा हिस्सा तो प्रकाशात बदलतो. उरलेली उष्णता प्रकाशाबरोबर पुढे जात नाही. ती त्या तुकड्यातच उत्पन्न होते आणि तिला पाठीमागून वाट काढून द्यावी लागते.

समजा, एका शेतकऱ्याने आपल्या जुन्या प्लॅस्टिकच्या विजेरीत १० वॉटचा एल. ई. डी. बसविला. वीज रात्रीच्या पाळीत येणार, म्हणून तो मध्यरात्री पिकाला दारे धरावयास निघाला. घराच्या अंगणात प्रकाश लख्ख पडला. परंतु प्लॅस्टिक हे उष्णतेचे मंद वाहक. थोड्याच वेळात एल. ई. डी. तापला, त्याचा प्रकाश उतरू लागला आणि अखेर तो निकामी झाला. बांधावर घोणस किंवा मण्यार असू शकते. अशा ठिकाणी दिवा मालवला, तर पुढचे पाऊल कशावर पडेल याचा नेम नाही.

यावर उपाय काय? उष्णतेची वाट पाण्याच्या पाटासारखी असते. पाटात एके ठिकाणी माती अडली, की मागे पाणी तुंबते. म्हणून एल. ई. डी. तांब्याच्या पट्टीवर बसवावा. ती पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला घट्ट टेकलेली असावी. अ‍ॅल्युमिनियम हे प्लॅस्टिकच्या सुमारे हजारपट उष्णतावाहक आहे. दोन धातू टेकले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म फटी उरतातच. त्या भरण्यासाठी उष्णतावाहक लेपाचा पातळ थर द्यावा. तो जाड झाला, तर लेपच अडथळा होतो.

आता थोडे गणित करू. १० वॉटपैकी ७ वॉट उष्णता झाली असे धरा. प्रत्येक वॉटमागे तापमानातील फरक एल. ई. डी. पासून पट्टीपर्यंत २ अंश, पट्टीपासून नळीपर्यंत १ अंश आणि नळीपासून हवेपर्यंत ८ अंश असेल, तर एकूण फरक ११ × ७ म्हणजे ७७ अंश. हवा ३० अंशांवर असता एल. ई. डी. १०७ अंशांवर जाईल. चांगला एल. ई. डी. हे सोसेल; परंतु नळी ८६ अंशांवर गेल्याने हात पोळेल आणि आतील विद्युतघटालाही धोका पोहोचेल. म्हणजे धातू उत्तम असूनही अडचण राहिलीच, कारण सर्वांत मोठा अडथळा नळी आणि हवा यांच्यामध्ये आहे. नळीला खाचा पाडून तिचा पृष्ठभाग वाढविल्यास तो काहीसा कमी होतो.

खरा उपाय वीज आवरण्याचा. त्याच विजेरीत ३ वॉट वीज दिली आणि २ वॉट उष्णता झाली, तर एल. ई. डी. ५२ अंशांवर आणि नळी ४६ अंशांवर राहील. प्रकाश कमी होईल खरा, पण तो जुन्या काचेच्या दिव्याहून कितीतरी अधिक असेल. शिवाय निम्मा केलेला प्रकाश डोळ्यांना निम्मा भासत नाही. म्हणूनच चांगल्या विजेऱ्यांत तापमान वाढताच वीज आपोआप कमी करणारी योजना असते.

दिवा निवडताना तो किती लख्ख पेटतो एवढेच पाहणे पुरेसे नाही. रानातून घरी परतेपर्यंत तो टिकेल काय, हेही पाहिले पाहिजे.

स्वाध्याय
१. काचेच्या दिव्याची उष्णता व एल. ई. डी. ची उष्णता यांच्या वाटा कशा भिन्न आहेत?
२. लेपाचा थर पातळ का असावा?
३. याच विजेरीत ४ वॉट उष्णता झाली आणि हवा २५ अंशांवर असली, तर एल. ई. डी. व नळी यांचे तापमान काढा.