निरंक

तळमजल्याचा फ्लॅट मिळावा म्हणून मी अडीच वर्षं घरं पाहिली. पोलिओ दुसऱ्या वर्षी झालेला. बँकेतली बरीचशी नोकरी कॅलिपर आणि कुबड्यांवर झाली, पुढे खांद्यांनी दगा दिला आणि व्हीलचेअर आली. त्यामुळे बिनउंबऱ्याचं दार, रुंद बाथरूम, गेटपासून सपाट रस्ता असं सगळं टेप लावून बघून घर ठरवलं. आणि त्या घराचं खरेदीखत नोंदवायचं होतं दुय्यम निबंधक कार्यालयात. भाड्याची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

एजंट म्हणाला, "ताई, टेन्शनच घेऊ नका. आपली पोरं आहेत, अलगद उचलून नेतील. पाच मिनिटांचं काम."

मी "बरं" म्हणाले.

हे "बरं" काही नवीन नव्हतं. शाळेत शिपाईमामांनी उचललं, मतदान केंद्रावर पोलिसाने, मंगल कार्यालयात कुणाच्या तरी मेहुण्याने. उचलणारी माणसं बहुतेक वेळा चांगलीच असतात, हीच तर पंचाईत. त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

माझी चेअर जड, म्हणून पोरांनी मला खालच्या चहाच्या टपरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. दोघं वर, दोघं खाली. पावसाळ्याचे दिवस, पायऱ्यांवर चिखलाचे ठसे. साडी गुडघ्यापर्यंत सरकली होती, पण दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलेली, त्यामुळे ती खाली ओढता येईना. वरून येणारे लोक भिंतीला चिकटून वाट देत होते आणि आपण काही बघतच नाही असा चेहरा करत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर खुर्चीचा मागचा पाय कट्‌कन मोडला आणि मी तीन पायऱ्या खाली आले. पोलिओच्या पायाचं हाड मुळातच बारीक, ते मांडीत मोडलं. रॉड पडला, चार महिने पलंग. वहिनी सांगते, रुग्णवाहिका येईपर्यंत एजंट विचारत होता, "मॅडमचा अंगठा तेवढा घेऊन टाकायचा का?"

पलंगावर असताना नोंदणी खात्यातून निवृत्त झालेले एक शेजारी बघायला आले. ते सहज म्हणाले, "अहो, तुम्ही गेलातच कशाला? गृहभेट मागायची." नोंदणी अधिनियम १९०८ चा. त्याचं कलम ३८ सांगतं, की शारीरिक व्याधीमुळे ज्याला धोका किंवा मोठी गैरसोय सोसल्याशिवाय कार्यालयात येता येत नाही, त्याला हजर राहण्यातून सूट आहे. अधिकाऱ्याने स्वतः त्याच्या घरी जावं किंवा त्यासाठी कुणाला नेमावं. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करायचा, ठरलेलं शुल्क भरायचं. शंभर वर्षांहून जुनी सोय, आणि तीस वर्षं बँकेत कागदपत्रं हाताळलेल्या मला तिचा पत्ता नव्हता. शेवटी माझा दस्त तसाच नोंदवला गेला, माझ्या पलंगाशेजारी.

चालायला नाही तरी बसायला लागल्यावर मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी विचारल्या. माझ्या दस्ताआधीच्या तीन वर्षांत अपंग व्यक्तींसाठी किती गृहभेटी झाल्या? जिना किंवा लिफ्टबाबत किती तक्रारी आल्या? तीस दिवसांच्या आत उत्तर आलं. दोन्ही रकान्यांत एकच शब्द: निरंक.

आधी राग आला, मग लाज वाटली. उत्तर खोटं नव्हतं. त्या जिन्याने आमच्यासारखे कितीतरी जण वर गेले असतील, पण कुणाच्या तरी खांद्यावरून. आवक रजिस्टरच्या लेखी आम्ही कधी आलोच नव्हतो.

म्हणून आता कुठेही जाण्याआधी मी फोन करते. "व्हीलचेअरची सोय आहे का?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर कायम "आहे की!" असंच येतं. रस्त्यापासून काउंटरपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट चालू आहे का, अपंगांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते, ते विचारा. (तिसऱ्या प्रश्नावर हमखास शांतता पसरते. आत झाडू आणि जुन्या फायली असतात.) उत्तर समाधानकारक नसेल तर काम खाली आणून द्या किंवा घरी येऊन करा, असं लेखी मागा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय केलेली तक्रार म्हणजे गप्पा.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.  कार्यालयात दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. आणि "ही मापं म्हणजे नुसत्या मार्गदर्शक सूचना आहेत" असं कुणी म्हणालं, तर राजीव रतुरी खटल्याचा निकाल दाखवा. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमकी हीच पळवाट बंद केली. सक्तीची मानकं ठरवा, असं केंद्राला सांगितलं.

टेप मात्र पर्समध्ये ठेवा. माझ्या पहिल्या तक्रारीनंतर त्या कार्यालयाने तळमजल्यावर एक टेबल मांडलं आणि दाराशी रॅम्प बांधला. साहेबांनी कौतुकाने बोलावलं. दाराशी तीन पायऱ्या, उंची अठरा इंच. रॅम्पला एकास बारा उतार लागतो, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे इथे अठरा फूट. तो होता साडेचार फुटांचा. वर गुळगुळीत फरशी, कठड्याचा पत्ता नाही, आणि पायथ्याशी बरोबर मध्यभागी स्कूटर लागू नये म्हणून रोवलेला लोखंडी खांब. साहेब म्हणाले, "मॅडम, पोरं धरतील की मागून."

या वेळी मी "बरं" म्हणाले नाही. खालीच बसून, मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर अर्ज लिहिला, मापं घातली आणि शिपायाकरवी वर पाठवून शिक्का मारून आणला. शिक्का पुसट आला होता, म्हणून परत पाठवला.

मागच्या वर्षी माहिती अधिकारात पुन्हा तेच दोन प्रश्न त्यानंतरच्या काळासाठी विचारले. गृहभेटी: अकरा. तक्रारी: दोन. दोन्ही माझ्याच.