परसातून गच्चीकडे : नागरी शेतीमागील प्रेरणा

‘परस’ म्हणजे घरामागील मोकळी जागा. सदनिकेत परसाला जागा नाही. म्हणून परसबाग गच्चीवर आली आणि लोक तिला ‘गच्चीवरची शेती’ म्हणू लागले. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय ही शेती का करतात?

बचत हे मुख्य कारण नव्हे; चार कुंड्यांतील मेथी-टोमॅटोंनी घरखर्च भागत नाही. पहिली प्रेरणा अन्नाविषयीच्या शंकेची : भाजीवर कोणती फवारणी झाली, हे बाजारात कळत नाही. दुसरी, ओल्या कचऱ्याच्या जबाबदारीची : श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडविण्याची रीत रुजविली. तिसरी, सुटलेल्या गावाच्या ओढीची.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गच्चीवरील वांगी किडली, तर बाजारातून आणता येतात. शेतकऱ्याचे पीक गेले, तर त्याचे वर्ष जाते. शब्द एकच असला, तरी जोखीम एक नाही. मात्र स्वतः बी पेरून वाट पाहिलेल्या माणसाला ती जोखीम समजण्याची शक्यता अधिक असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुमच्या परिसरातील अशा एका कुटुंबाशी बोला. वरीलपैकी कोणती प्रेरणा तेथे प्रबळ आहे, ते पाच ओळींत लिहा.