टी.व्ही.चा नवा डबा : घेण्यापूर्वी काय पाहावे?



आपल्यापैकी जे ऐंशीच्या दशकात इकडे अमेरिकेत आले, त्यांना इंडियन ग्रोसरीच्या दुकानात डाळ-तांदळाच्या पिशव्यांशेजारी रचलेल्या व्हिडिओ कॅसेट्स आठवत असतील. भारतातून कोणी आणलेली कॅसेट इथल्या व्ही.सी.आर.वर चालत नसे, कारण तिकडची 'पाल' पद्धत आणि इकडची 'एन.टी.एस.सी.' या दोन्ही वेगळ्या. मग ज्याच्याकडे मल्टिसिस्टिम व्ही.सी.आर. असेल त्याच्या घरी शनिवारी रात्री चार कुटुंबे जमत. पुढे छतावर डिश आली, आणि आता हे सगळे काम तळहातावर मावणारा एक डबा करतो.

गेल्या उन्हाळ्यात माझे सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत. ते गाडी चालवत नाहीत, शेजारी बोलायला कोणी नाही. अशा घरात टी.व्ही. ही चैन राहत नाही. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, या रिमोटवर बोट ठेवायची मला भीती वाटते. एक बटण दाबलं की माझी मालिका लागली पाहिजे, एवढंच बघ." त्या 'एवढंच' शब्दापायी पुढच्या सहा महिन्यांत मी बरेच शिकले, आणि थोडे पैसेही घालवले. तो अनुभव आणि त्यानिमित्त जमवलेली माहिती इथे देत आहे.

डबा म्हणजे नेमके काय?

स्ट्रीमिंगचा डबा म्हणजे एक छोटा संगणक. तो एच.डी.एम.आय. खाचेतून टी.व्ही.ला जोडतात आणि वायफायवरून कार्यक्रम मागवतात. मे २००८ मध्ये रोकू कंपनीने आपला असा पहिला डबा सुमारे १०० डॉलर्सना आणला, तेव्हा त्यावर फक्त नेटफ्लिक्स दिसत असे. जुलै २०१३ मध्ये गूगलचा क्रोमकास्ट ३५ डॉलर्सना आला आणि २०१४ मध्ये अॅमेझॉनचा फायर टी.व्ही. क्रोमकास्टचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले व त्याजागी गूगलने १०० डॉलर्सचा नवा डबा आणला. अॅपलचा डबा या सर्वांहून महाग असतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डबा हे भांडे आहे, त्यातला पदार्थ वेगळा विकत घ्यावा लागतो. डब्याची किंमत एकदाच, पण मराठी मालिका, इंग्रजी सिनेमे, क्रिकेट यांची वर्गणी दरमहा किंवा दरसाल. शिवाय कार्यक्रमांचे हक्क देशागणिक वेगळे असतात. भारतात भरलेली वर्गणी इथे चालेलच असे नाही, आणि एकाच नावाच्या अॅपवर तिकडे दिसणारा कार्यक्रम इकडे दिसेलच असेही नाही. झी५ सारखी सेवा अमेरिकेत अधिकृतपणे सुरू झाली ती जून २०२१ मध्ये. तेव्हा आधी घरात काय पाहायचे आहे त्याची यादी करा, ते इथे कोणत्या अधिकृत सेवेवर मिळते ते पाहा, आणि ती सेवा ज्यावर चालते तो डबा घ्या. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात.

पाहणाऱ्यांना काय हवे असते?

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात चहाच्या रांगेत मी दहा-बारा जणांना हा प्रश्न विचारला. चित्राच्या स्पष्टतेबद्दल कोणीच बोलले नाही. त्यांची उत्तरे अशी होती :

१. साधा रिमोट. कमी बटणे, मोठी बटणे, आणि आवाजाचे बटण त्याच रिमोटवर. तीन रिमोट सांभाळणे म्हाताऱ्या माणसांना जमत नाही, आपल्यालाही जमत नाही. काही डब्यांवर बटण दाबले की हरवलेला रिमोट शीळ घालतो. सोफ्याच्या फटी शोधणाऱ्यांनी ही सोय जरूर पाहावी. पहिल्या पडद्यावर लागणारी दोन-तीन अॅप्सच पुढे ठेवा, बाकीची काढून टाका किंवा मागे सरकवा. सासूबाईंची निम्मी भीती यानेच गेली.

२. ऐकू येणारे संवाद. 'पार्श्वसंगीत मोठे आणि माणसे पुटपुटतात' ही तक्रार सार्वत्रिक आहे. बहुतेक डब्यांत संवाद ठळक करण्याची किंवा रात्री मोठे आवाज दाबण्याची सोय सेटिंगमध्ये दडलेली असते. काहींवर एकट्याने हेडफोन लावून ऐकता येते, काहींना श्रवणयंत्र थेट जोडता येते. उपशीर्षकांचा आकारही वाढवता येतो.

३. वेळेची सोय. भारतात रात्री ८ ला लागणारी मालिका उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या वेळेने सकाळी १०:३० ला आणि हिवाळ्यात ९:३० ला येते. मागचे भाग केव्हाही पाहता येतात का, हे वर्गणी भरण्यापूर्वी विचारा.

४. न अडखळणारे चित्र. नेटफ्लिक्सच्या सूचनेनुसार एच.डी. चित्राला ५ एम.बी.पी.एस. आणि ४के ला १५ एम.बी.पी.एस. वेग पुरतो. चित्र अडखळले की आपण महागडी इंटरनेट योजना घेतो. पुष्कळदा दोष असतो तो टी.व्ही.च्या पाठीमागे अडकवलेल्या डब्यापर्यंत वायफाय नीट न पोचण्यात. राउटर जवळ आणा किंवा तार जोडा. डब्याला वीज टी.व्ही.च्या यू.एस.बी. खाचेतून न देता भिंतीतल्या प्लगमधून द्या. मात्र आपल्या योजनेत महिन्याची मर्यादा असेल तर हिशेब ठेवा. एच.डी.ला तासाला सुमारे ३ जी.बी. लागतात, रोज सहा तास टी.व्ही. चालला तर महिन्याला ५४० जी.बी. झाले.

५. खाजगीपणा. पाहणारा काय पाहतो याची नोंद होऊन ती विकली जाऊ शकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये विझिओ या टी.व्ही. कंपनीने १ कोटी १० लाख संचांवरून ग्राहकांना न कळवता अशी माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून २२ लाख डॉलर्स भरून तडजोड केली. डबा लावल्यावर प्रथम खाजगीपणाच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींसाठीचा माग बंद करा. दोन मिनिटांचे काम आहे.

आमच्या घरचा हिशेब

केबलचे आमचे जुने बिल असे होते : चॅनल्सचा संच ९२ डॉलर्स, दोन डब्यांचे भाडे २२, इतर आकार २४, एकूण १३८ डॉलर्स दरमहा. आता तीन वर्गण्या मिळून ३७ डॉलर्स होतात. केबल बंद केल्याने इंटरनेटवरची १५ डॉलर्सची सवलत गेली, म्हणजे एकूण ५२. बचत महिन्याला ८६, वर्षाला १,०३२ डॉलर्स. त्यातून ४० डॉलर्सचे दोन डबे वजा केले तरी पहिल्या वर्षी ९५२ डॉलर्स उरले. स्थानिक बातम्या आणि हवामानासाठी तीस डॉलर्सचा अँटेना खिडकीत लावला. ती चॅनल्स अँटेनावर फुकट दिसतात.

विजेचीही बचत आहे. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिलने २०११ मध्ये दाखवून दिले होते की त्या काळचा एक रेकॉर्डिंगचा आणि एक साधा एच.डी. केबल डबा मिळून वर्षाला सुमारे ४४६ युनिट वीज खात, म्हणजे एका नव्या फ्रिजइतकी, आणि त्यातली बरीचशी टी.व्ही. बंद असताना. स्ट्रीमिंगचे छोटे डबे त्यामानाने फारच थोडी वीज घेतात.

पण ही बचत नकळत गळते. सहा महिन्यांनी कार्डाचे बिल नीट वाचले, तेव्हा 'सात दिवस फुकट' म्हणून घेतलेल्या आणि विसरलेल्या तीन वर्गण्या सापडल्या : १०, १२ आणि ९ डॉलर्स. महिन्याला ३१, वर्षाला ३७२! आता फ्रिजवर एक कागद लावला आहे. सेवेचे नाव, रक्कम, कोणत्या तारखेला पैसे कापले जातात, कोणाच्या ई-मेलवर खाते आहे. फुकट काळ घेतला की त्याच दिवशी ती सेवा बंद करण्याची तारीख कॅलेंडरवर लिहायची. आणि डब्यावरून खरेदी करताना पिन मागेल अशी व्यवस्था करायची, म्हणजे नातवंडांच्या किंवा आजोबांच्या बोटाने सिनेमा विकत घेतला जाणार नाही.

'जन्मभर फुकट' डबा

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला ते सांगते. आई-बाबा येणार म्हणून आम्ही ओळखीतल्या एकाच्या सांगण्यावरून एक डबा घेतला. २८० डॉलर्स रोख, 'एकदाच भरा, सगळी भारतीय चॅनल्स जन्मभर.' पाच महिने उत्तम चालला. सासूबाई खूष, आम्ही खूष. मग एका सकाळी पडदा काळा झाला. विकणाऱ्याचा फोन लागेना. तोवर इंटरनेट कंपनीचे पत्रही आले, की तुमच्या घरातून संशयास्पद वाहतूक होते आहे.

नंतर वाचनात आले की जून २०२५ मध्ये एफ.बी.आय.ने अशाच उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला होता. काही स्वस्त, अनोळखी बनावटीच्या अँड्रॉइड डब्यांत विक्रीपूर्वीच घातक प्रणाली भरलेली असते, किंवा सुरुवातीला अॅप्स उतरवताना ती आत शिरते. मग तुमच्या घरचे इंटरनेट वापरून गुन्हेगार आपले उद्योग करतात, आणि माग काढला तर पत्ता तुमचा निघतो. 'बॅडबॉक्स २.०' या नावाच्या या जाळ्यात १ कोटीहून अधिक उपकरणे असल्याचे सांगत गूगलने जुलै २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. ज्या घरात टॅक्सचे कागद, बँकेची खाती, ऑफिसचे लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत, तिथे असा पाहुणा किती महागात पडेल याचा विचार करा. चोरून दाखवलेले कार्यक्रम बेकायदा, हा मुद्दा आहेच. आपल्यातले कित्येक जण इथे व्हिसावर आहेत. नसती चौकशी ओढवून घेऊ नये.

डबा संशयास्पद आहे हे असे ओळखावे : बनावट अनोळखी; 'अनलॉक केलेला' किंवा 'सर्व काही फुकट' अशी जाहिरात; गूगल प्ले प्रोटेक्ट ही सुरक्षा बंद करायला सांगणे; अनधिकृत दुकानातून अॅप्स उतरवायला लावणे. असा डबा घरात असेल तर आजच काढा. नुसता रीसेट करून भागेलच असे नाही, कारण दोष कारखान्यातूनच आलेला असू शकतो. मग वायफायचा आणि त्या डब्यावर वापरलेल्या खात्यांचे पासवर्ड बदला, कार्ड वापरले असल्यास बँकेला कळवा, आणि एफ.बी.आय.च्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे नोंद करा.

आणखी एक फसवणूक खास वृद्धांना गाठते. डबा सुरू होत नाही म्हणून इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला, की कधीकधी भामट्याचाच नंबर मिळतो. तो 'अॅक्टिव्हेशन फी' म्हणून शंभर-दोनशे डॉलर्स मागतो. रोकू असली कोणतीही फी घेत नाही. डबा सुरू करायला कोणी फोनवर पैसे मागितले की फोन ठेवून द्यावा, हे घरच्या सर्वांना सांगून ठेवा.

डोळे, पाय आणि नातवंडे

डबा सोयीचा झाला की बसणे वाढते. एक भाग संपला की पुढचा आपोआप लागतो. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. मालिका संपली की उठायचे, हा साधा नियम होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, आणि ६५ वर्षांवरील मंडळींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. दोन मालिकांच्या मध्ये दहा मिनिटे घरातल्या घरात चालले तरी सुरुवात होते. टी.व्ही. पाहताना खोलीत मंद दिवा असू द्या, आणि डब्याच्या तारा भिंतीला चिकटवून टाका. अंधारात तारेला अडखळून पडणे या वयात फार महाग पडते.

दीड-दोन वर्षांखालील बाळांना व्हिडिओ कॉल सोडून पडदा नको, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला सुमारे एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने, असे इथले बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. मुलांसाठी डब्यावर वेगळे खाते करून पिन लावा.

घेण्यापूर्वीची यादी

• काय पाहायचे ते आधी ठरवा, मग अधिकृत सेवा, मग डबा.
• नामांकित बनावट, पावतीसह, परत करता येईल अशा दुकानातून घ्या.
• रिमोट हातात धरून पाहा. शक्य तर ज्यांना वापरायचा आहे त्यांच्याच हातात द्या.
• टी.व्ही.ला एच.डी.एम.आय. खाच आहे ना, ते पाहा.
• पहिल्याच दिवशी : खरेदीचा पिन, माग बंद, पुढचा भाग आपोआप लागणे बंद.
• वर्गण्यांचा कागद फ्रिजवर.

आम्ही अखेर चाळीस डॉलर्सचा साधा डबा घेतला आणि रिमोटच्या दोन बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले. परत जाण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी शेजारच्या गल्लीतल्या, नुकत्याच मुलाकडे आलेल्या एका काकूंना तो कसा लावायचा ते स्वतः शिकवले. त्या काकू त्यानंतर दुपारी रोज आमच्याकडे येऊ लागल्या असत्या, तर मला अधिक आनंद झाला असता. दोन घरांतल्या एकट्या माणसांची ओळख व्हायला सहा महिने लागले. आपल्या घरी कोणी आई-वडील आले असतील तर मंडळाला जरूर कळवा. एखादी मालिका चार जणांनी मिळून पाहता येईल.