झाडाचे वजन आणि मातीचे वजन : शास्त्रीय शोधपद्धतीवरील एक पाठ

शास्त्रीय पद्धती शिकविताना निरीक्षण, प्रश्न, अनुमान, प्रयोग आणि निष्कर्ष हे शब्द फळ्यावर लिहावेत व मुलांनी ते पाठ करावेत, असा प्रघात पडून गेला आहे. मुले ते क्रमाने म्हणूनही दाखवितात. तथापि अनुमान बांधावे कसे आणि प्रामाणिकपणे केलेला प्रयोगही कोठे अपुरा पडतो, हे त्या शब्दांतून कळत नाही. त्यासाठी एखादा खरा शोध त्यातील चुकांसह मुलांपुढे मांडला पाहिजे. झाडाचे अंग कशापासून बनते, हा शोध खेड्यातील मुलांना सर्वांत जवळचा वाटेल.

पाठाच्या प्रारंभी शिक्षकांनी प्रश्न विचारावा व उत्तर सांगू नये. आंब्याची कोय मुठीत मावते. तिच्यापासून झालेल्या जुन्या झाडाचे खोड एका माणसाच्या कवेत येत नाही. एवढे लाकूड आले कोठून? शेतकऱ्यांची बहुतेक मुले ‘मातीतून’ किंवा ‘खतातून’ असे म्हणतील. ही उत्तरे फळ्याच्या एका कडेस लिहून ठेवावीत व पाठ संपेपर्यंत पुसू नयेत.

ब्रुसेल्स येथे जन्मलेले वैद्य यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट यांनी हाच प्रश्न तराजूत घातला. त्यांच्या प्रयोगाची हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून प्रसिद्ध झाली. भट्टीत वाळविलेली २०० पौंड माती त्यांनी एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. विलो म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या जातीचे झाड. बाहेरची धूळ मातीत पडू नये म्हणून कुंडीवर छिद्रे पाडलेले पत्र्याचे झाकण बसविले. झाडाला पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी तेवढे घातले. पाच वर्षांनंतर झाड उपटून तोलले, तेव्हा ते १६९ पौंड ३ औंस भरले; गळून गेलेली पाने यात धरलेली नाहीत. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती सुमारे २ औंसच कमी झाली होती.

येथे थांबून वजाबाकी मुलांकडून करून घ्यावी. झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढले आणि माती अवघी २ औंस घटली. फळ्यावरील ‘मातीतून’ या उत्तराचे काय करावयाचे, हे वर्गाने ठरवावे.

हेल्माँट यांनी निष्कर्ष काढला की, लाकूड, साल व मुळे ही सर्व केवळ पाण्यापासून झाली. या ठिकाणी वहीत दोन रकाने आखावेत. एका रकान्यात ‘काय दिसले’ ते लिहावे, दुसऱ्यात ‘त्यावरून काय ठरविले’ ते लिहावे. मातीचे वजन फारसे घटले नाही, हे पहिल्या रकान्यातील वाक्य आजही खरे आहे. दुसऱ्या रकान्यातील वाक्य मात्र टिकले नाही. मुलांच्या मनात हे दोन रकाने वेगळे झाले, तर शास्त्रीय पद्धतीचा निम्मा पाठ झाला असे समजण्यास हरकत नाही. मोठ्या माणसांच्याही बोलण्यात ते वारंवार एकमेकांत मिसळलेले असतात.

निष्कर्ष का टिकला नाही? झाडाभोवती माती व पाणी यांखेरीज आणखी काय होते, असे विचारल्यास एखादा विद्यार्थी ‘हवा’ म्हणेलच. हेल्माँट यांनी ती हिशेबात घेतली नाही. नवल असे की, ‘गॅस’ हा शब्द प्रचारात आणला तोच मुळी त्यांनी. ६२ पौंड कोळसा जाळला असता १ पौंड राख उरते व बाकीचा भाग वायुरूपाने निघून जातो, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. तो वायू म्हणजे आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो. झाड त्याच वायूपासून आपले अंग घडविते. परंतु दोन प्रयोगांची गाठ त्यांच्या मनात पडली नाही.

पुढील वाटचाल संक्षेपाने सांगावी. १७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांना असे आढळले की, जळत्या मेणबत्तीने बिघडलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली, तर त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते. हा प्रयोग इतरांच्या हातून कधी साधे, कधी फसे. यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली त्याचे कारण दाखविले : हे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही उजेडातच. १८०४ साली सोस्यूर यांनी मोजमापाने सिद्ध केले की, झाडाच्या वाढीत कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याचाही वाटा असतो. म्हणजे हेल्माँट सर्वस्वी चुकले नव्हते. ‘खतातून’ म्हणणारा मुलगाही सर्वस्वी चुकलेला नाही. मातीतून जाणारे क्षार वजनाने थोडे असतात, पण त्यांवाचून पीक येत नाही, हे त्याच्या वडिलांना ठाऊक आहे.

आता प्रयोग. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान मुलांनी पाहिलेले असते; दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत खोवलेले असतात. ते धान शेतातल्यापेक्षा पिवळट का असते, असे विचारावे. हळदीमुळे, खत नसल्यामुळे, देवघरातील अंधारामुळे, अशी उत्तरे येतील. घरच्या घटाला कोणीही हात लावू नये; प्रयोग शाळेत स्वतंत्र करावा. मातीचे दोन सारखे परळ घेऊन त्यांत सारखीच माती, मोजून तेवढेच गहू व तेवढेच पाणी घालावे. एक परळ ओसरीवर उजेडात ठेवावा, दुसऱ्यावर मोठे मडके पालथे घालावे. प्रत्येक मुलाने आपला अंदाज त्याच दिवशी तारखेसह लिहावा, कारण निकाल पाहिल्यावर सर्वांचाच अंदाज बरोबर ठरतो.

आठ-नऊ दिवसांनी झाकलेली रोपे उंच, लुळी व पिवळी दिसतील. ‘अंधारामुळे’ असे वर्ग एका सुरात म्हणेल. त्या वेळी शिक्षकांनी मान डोलावू नये. मडक्याखाली उजेड नव्हता हे खरे, पण तेथे हवाही कोंडली होती आणि ओलही अधिक टिकली होती. मग पिवळेपणा ओलीमुळे कशावरून नाही? ही शंका एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःहून काढली, तर त्याचे वर्गापुढे कौतुक करावे. शंका फेडण्यासाठी नव्याने दोन परळ पेरावेत. एकावर पूर्वीप्रमाणे मडके व दुसऱ्यावर स्वच्छ काचेचे भांडे पालथे घालून दोन्ही सावलीतल्या उजेडात ठेवावेत. हळदीविषयी आग्रह धरणाऱ्या मुलाला हळदीचे पाणी घातलेला तिसरा परळ उघड्यावर ठेवू द्यावा.

पहिल्या पेरणीतील पिवळी रोपे फेकू नयेत. मडके काढून तो परळ ओसरीवर ठेवावा व पाणी पूर्वीइतकेच घालावे. दोन-तीन दिवसांत रोपांवर हिरवेपणा चढू लागतो. तो प्रथम कोणत्या दिवशी दिसला, याची नोंद प्रत्येकाने स्वतः पाहून करावी. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेऊ नये.