बालकांचा कर्करोग आणि आहारातील कॅरोटीन

गाजर, तांबडा भोपळा, पिकलेली पपई, आंबा, मेथी आणि शेवग्याचा पाला यांमध्ये कॅरोटीन वर्गातील रंगद्रव्ये असतात. त्यांपैकी बीटा-कॅरोटीनचे आतड्यात 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर होते. या जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारे रेटिनॉइक आम्ल अपक्व पेशींना परिपक्व होण्याची चालना देते.

बालकांच्या कर्करोगाशी या क्रियेचा निकटचा संबंध आहे. न्यूरोब्लास्टोमा हा अपक्व मज्जापेशींपासून उद्भवणारा रोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांत आढळतो. त्याच्या गाठीतील काही पेशी मूळ पेशींप्रमाणे वागतात. औषधोपचारातून त्या वाचल्यास रोग पुन्हा उद्भवू शकतो. रेटिनॉइक आम्लाच्या प्रभावाने अशा पेशींची वाढ मंदावते व त्या परिपक्व होऊ लागतात. अतिजोखमीच्या रुग्णांत तीव्र उपचारांनंतर या आम्लाचा एक प्रकार दिल्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. बीटा-कॅरोटीनचाही मूळ पेशींसारख्या पेशींवर अनुकूल परिणाम प्रयोगशाळेत आढळला आहे. तथापि आहारातील कॅरोटीनने बालकांचा हा रोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

म्हणून कॅरोटीनच्या गोळ्या उपकारक ठरतील, असे मानणे धोक्याचे होय. तंबाखू व विडी या व्यवसायांशी निगडित असलेल्या निपाणी परिसराने पुढील गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची चाचणी घेण्यात आली. ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देण्यात आले, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. 'अ' जीवनसत्त्वाची अतिरिक्त मात्राही यकृतास अपायकारक असते.

यास्तव मुलांच्या रोजच्या जेवणात पालेभाजी व पिवळी-केशरी फळे असावीत. भाजी शिजवून, थोड्या तेलाच्या फोडणीसह दिल्यास कॅरोटीनचे शोषण चांगले होते. घरात मुलांजवळ विडी ओढू नये. मुलाच्या पोटात गाठ लागणे, हाडे सतत दुखणे किंवा मार न लागता डोळ्यांभोवती काळेनिळे होणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. उपचार सुरू असताना कोणतीही जीवनसत्त्वाची गोळी त्यांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. सकस आहार उपचारास साहाय्य करतो. तो उपचाराची जागा घेऊ शकत नाही.